जिना नसलेली गल्ली

जबड्याचं हाड मोडलं की माणसाला स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येत नाही.

मशीनवर काज करताना आधी चारी बाजूंनी शिवून घेतात, मग मधे चिरतात. घाई करून आधी चिरलं तर कापड उसवत जातं आणि मग ते कोणाच्या बापाला आवरत नाही.

झाकण फरशीवर पडलं, गरगरलं, गरगरत राहिलं. ते थांबेपर्यंत घरात कोणी श्वास घेतला नाही.

पांढऱ्या फळ्यावर हिरवी अक्षरं: लोक आपल्याला काय सांगत नाहीत?

लोखंड तापवून वाकवलं तर गुपचूप वाकतं. थंड असताना वाकवलं तर ओरडतं.

"ताई, घरी जिना बसवतोय."

हे शेवटचं वाक्य ताईच्या मानेमागून आलं. ती किराणा दुकानात साबणांच्या फळीपुढे उभी होती, कपड्यांचा घ्यावा की अंगाचा असल्या फालतू पेचात, आणि मागून कोणीतरी इतक्या जवळून बोललं की तिच्या कानाच्या पाळीला ऊब लागली. वळली तर तिच्या शिवणाच्या खोलीतल्या काजवालीचा नवरा. हातात अंड्यांचा ट्रे, अंगावर इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर चांगल्या शेजाऱ्याचं हसू. "लोखंडी. सरळ छपरावर जाणारा. वर तसं काही नाही म्हणा, पत्रेच आहेत. पण असू दे. लोकांना शंका नको ना, ताई? दवाखान्यातली माणसं शिकलेली. गल्लीत जिना नाही म्हटल्यावर त्यांना झोप लागत नाही." त्यानं ट्रे दुसऱ्या हातात घेतला, अगदी जपून, एकही अंडं हलू न देता. "एकदा चढून बघा. तुमच्यासाठीच बसवतोय." आणि गेला. ताईच्या हातातला साबण वेष्टणासकट वाकला होता, नखं आत रुतली होती. दुकानदार म्हणाला, "आता हाच घ्यावा लागेल हां." ती हसली. कुठल्याही क्षणी हसता येतं, ही किती घाणेरडी सोय आहे माणसाला. रस्त्यावर आल्यावर ती त्याच्या मागे धावली, त्याची मान धरली, त्याचं तोंड त्या ट्रेवर आपटलं, परत आपटलं, पिवळं आणि लाल एक होईपर्यंत आपटलं, आणि मग त्याला केसांना धरून फरफटत... एक सायकलवाला तिला वळसा घालून "झोपलात का बाई?" म्हणून गेला. ती पायरीवरच उभी होती. पिशवीत साबण होता. तो वळणापलीकडे दिसेनासा झाला होता.

तिला सगळ्या ताई म्हणत, तिच्याहून मोठ्यासुद्धा. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या तळमजल्यावर संस्थेनं शिवणाची खोली काढली होती आणि ती ताई सांभाळत होती. शाळेचे शर्ट, पांढरे आणि फिके निळे, ढिगानं. खोलीत बायकांना कामावरून हाका मारत. कॉलर लावणारी ती कॉलरवाली, बटणं लावणारी बटणवाली, आणि काजं करणारी ती काजवाली. मशीन चालू असली की बायका खरं बोलतात, कारण आपलं बोलणं आपल्यालाच नीट ऐकू येत नाही. कोणाला गाठ झाली आहे आणि ती दाखवत नाही, कोणाच्या सासूनं गोळ्या फेकून दिल्या, कोणाला बाळ नको आहे. ताई कात्रीनं कापड कापत राहायची आणि वर बघायची नाही. वर बघितलं की मशीन थांबते, हे तिला माहीत होतं. दवाखान्यालाही कुठून तरी ते कळलं. मग तिथल्या सभेचं बोलावणं आलं. "तुमच्याकडे बायका जे बोलतात ते आमच्याकडे बोलत नाहीत," समन्वयक बाई पहिल्याच दिवशी म्हणाली. तिचं कामच ते होतं, संस्थांना आणि डॉक्टरांना एका टेबलाशी बसवायचं. हिरवं पेन, पांढरा फळा, खुर्च्यांचं गोल. एक नियम होता आणि तो तिनं छान समजावून सांगितला: नाव घ्यायचं नाही, फक्त वस्तीचं म्हणणं सांगायचं. नाव नसलं की कोणाला धोका नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. ताईनंही हलवली. आणि आपली पाळी आल्यावर ती म्हणाली, बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीतून बायका तुमच्याकडे येतात, हात मोडलेला, कपाळ फुटलेलं, आणि जिन्यावरून पडले म्हणतात. त्या गल्लीत एकही जिना नाही. सगळी बैठी घरं आहेत.

 मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. समन्वयक बाईचं हिरवं पेन फळ्यावर करकरत गेलं आणि तिनं त्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या. "याला म्हणतात माहिती," मोठे डॉक्टर म्हणाले. "आम्ही इतकी वर्षं नुसते जिने लिहून घेत बसलो." ताईच्या छातीत काहीतरी गरम वर आलं होतं. नंतर, सगळं झाल्यावर, तिला मार खावासा वाटायचा तो या गरमपणाबद्दल. कारण त्या वेळी तिला छान वाटलं होतं. आपल्या वाक्यावर दोन रेघा ओढल्या गेल्या आणि आपल्याला छान वाटलं.

नाव घेतलं नव्हतं. पण त्या गल्लीत घरं किती? आणि त्या घरांतून हात मोडून घेऊन येणार कोण?

काजवाली मोडलेलं मनगट घेऊन गेली तेव्हा अपघात विभागात एक तरुण सिस्टर होती. चांगली पोरगी. सभेतलं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं होतं आणि ते तिच्या मनाला लागलं होतं, म्हणजे ज्या कोणाला असली वाक्यं लागावीत तिलाच लागलं होतं. काजवाली स्टुलावर बसली होती. नवरा मागे उभा, तिच्या खांद्यावर हात. "कशानं लागलं?" "जिन्यावरून पडले." आणि ती पोरगी कळवळून म्हणाली, "अहो, तुमच्या गल्लीत तर जिनेच नाहीत ना? शिवणाच्या संस्थेच्या ताई सांगत होत्या." खांद्यावरचा हात हलला नाही. तो हसला. "बरोबर आहे सिस्टर. गल्लीत नाहीत. माझ्या दुकानात आहेत. मी जिनेच बनवतो की हो." खरंच बनवायचा. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, लोखंडी जिने. सिस्टर लाल झाली, दोनदा माफी मागितली, प्लास्टर घातलं. पुढचं ताईला कॉलरवालीनं सांगितलं, आणि कॉलरवालीला गल्लीनं. दवाखान्यातून तो बायकोला घरी न नेता दुकानात घेऊन गेला. गिऱ्हाइकासाठी एक जिना तयार करून भिंतीला टेकवून ठेवला होता, हिरवा रंग अजून ओला. त्यानं तिला वर चढायला लावलं. एका हातानं, प्लास्टरचा हात छातीशी धरून, ती चढली. वरच्या पायरीवर उभी राहिल्यावर तो खालून म्हणाला, "जिन्यावरून पडले म्हणालीस ना? मग मला खोटं पाडू नकोस." ती उभीच राहिली. मग तो वर चढला. ओल्या रंगाचे पट्टे तिच्या पाठीवर, मांड्यांवर, गालावर उमटले, आणि म्हणे ते पुढं कितीतरी दिवस निघाले नाहीत. रॉकेलनं पुसले तरी निघाले नाहीत.

ताईनं तो जिना बघितला नव्हता, पण आता तिला दुसरं काही दिसत नसे. चहाच्या कपात, बसच्या पायरीवर, शर्टाच्या बटणपट्टीत खालून वर गेलेल्या काजांच्या रांगेत. आणि त्या जिन्याखाली दुसरं एक घर उघडायचं, तिचं लहानपणचं. तिथं जिना नव्हता, मोरीचा ओटा होता. आई मोरीच्या ओट्यावरून पडायची. वडील मारताना बोलत नसत. एक शब्द नाही. आवाज व्हायचा तो भांड्यांचा, आणि नंतर आवाज व्हायचा तो शेजारच्या घरातल्या रेडिओचा, कारण यांच्या घरात सुरू झालं की शेजारची काकू रेडिओ मोठा करायची. दुसऱ्या दिवशी काकू वाटीत हळद घेऊन यायची आणि म्हणायची, "ओट्यावर पाणी सांडू देऊ नये गं, पाय घसरतो." हळद कोणाला लागणार हे तिला आधी कळायचं. अख्ख्या इमारतीला कळायचं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला कळायचं, तो न विचारता पट्टी काढून द्यायचा. इतकी माहिती होती त्या इमारतीत! भिंतींमधून पाझरत होती. आणि कोणीच ती उचलून कुठे नेली नाही. म्हणून ताई मोठी होऊन माहिती उचलून नेणारी झाली. पाणी ओंजळीत उचलावं तशी उचलली, ठरलेल्या ठिकाणी नेली, तिथं आदरानं ओतली. आणि ते उकळतं निघालं, आणि भाजली ती भलतीच.

घरी आई टीव्हीपुढे बसलेली होती. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून ती उजवा कान टीव्हीकडे आणि तोंड भिंतीकडे करून बसते. ताईनं तिला साबण, अंडी, जिना, सगळं सांगितलं. "नसत्या उठाठेवी," आई भिंतीला म्हणाली. "माझ्या दारात अशी कोणी आली असती ना, ओटा कुठं आहे बघू म्हणत, तर तोंडावर दार आपटलं असतं तिच्या."

"मग?"

"मग काय मग?"

"आपटून झाल्यावर काय केलं असतंस?"

 टीव्हीत कोणीतरी कोणाचं तरी लग्न मोडत होतं. "दाराला कान लावून बसले असते," ती म्हणाली. "गेली का उभी आहे ते ऐकत. चांगला कान लावून." मग एकदम चिडून, "आवाज कमी कर त्याचा! कटकट नुसती!" रिमोट तिच्याच मांडीवर होता.

खोलीत दुसऱ्या दिवशी मशीन चालत होत्या पण कोणी बोलत नव्हतं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. ज्या आल्या होत्या त्या हवापाण्याचं बोलत होत्या, आणि तेसुद्धा मशीन थांबवून, म्हणजे प्रत्येक शब्द ऐकू येईल असं. ताई कापत होती. कात्री कापडात शिरताना तिला सारखं काहीतरी जिवंत कापल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात काजवाली आली. दारातच उभी राहिली. प्लास्टर काळं पडलेलं, गालावर हिरवट पट्टा. "माझी काजं दुसऱ्या कोणाला तरी द्या," ती म्हणाली. "हात वळत नाही." कॉलरवालीनं मशीन थांबवली. ती वयानं सगळ्यांत मोठी, तोंडानं त्याहून मोठी. "ये, बस. जाते कुठं? एकदा विचारूच दे मला. ताई, तुम्ही शिकलेल्या, आम्ही अडाणी. सांगा आम्हाला, आम्ही इथं जे बोलतो ते तुम्ही तिथं जाऊन ओकता का?"

"नाव घेतलं नव्हतं मी."

"नाव!" कॉलरवाली हसली. "नाव घेतलं असतं तर परवडलं असतं. या नावाच्या बाया शंभर असतील गावात. तुम्ही तर थेट घराचं दार दाखवून आलात. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? हं? कोणी पाठवलं होतं? हिनं?" आणि तिनं काजवालीकडे बोट केलं.

काजवालीनं मान वर केली. तिचे ओठ हलले. ताईला ते ओठ दिसले आणि ती कात्री टेबलावर आपटून ओरडली, "तू गप्प बस! तुला कोणी विचारलंय? एक अक्षर बोलायचं नाही!" भिंतीवरून आवाज परत आला आणि तो तिच्या वडिलांचा वाटला. वडील मारताना बोलले असते तर असेच बोलले असते. बटणवालीच्या मांडीवरचा डबा कलंडला आणि बटणं खोलीभर पळाली. काजवालीनं मान खाली घातली. कॉलरवाली उठली, तिनं आपला चष्मा, आपली सुई, आपला डबा गोळा केला. "झालं. आता मारलंत की सगळं पूर्ण होईल," ती म्हणाली. पण ती गेली नाही. डबा छातीशी धरून परत खाली बसली, आणि काजवाली एकटीच बाहेर पडली. ताईकडे उत्तर होतं. एवढंसं, चार शब्दांचं. ते तिनं गिळलं आणि ते खाली गेलं नाही, घशात माशाच्या काट्यासारखं आडवं राहिलं.

पुढच्या सभेला काय बोलायचं ते ती वाटेत जुळवत होती. एका बाईला... नको, बाई म्हटलं की ती आलीच. एका घरात... नको, घर म्हटलं की दार आलं. एका गल्लीत, झालं ते पुरे झालं. एका कारागिराच्या... नको. काही ठिकाणी, काही वेळा, काही जणांकडून. सोलत जा, सोलत जा. शेवटी हातात काय राहतं? लोक पडतात. एवढंच राहतं. लोक पडतात, आणि याच्यावर कोणी हिरव्या रेघा ओढणार नाही. जे खरं आहे त्याला पत्ता आहे, आणि ज्याला पत्ता नाही ते कोणाच्या उपयोगाचं नाही. मग करायचं काय, तोंड शिवून घ्यायचं? आधी शिवायचं, मग चिरायचं? समन्वयक बाई फळ्यापाशी उभी होती, प्रसन्न, केस धुतलेले. "मागच्या वेळी शिवणाच्या खोलीकडून फार मोलाचं आलं होतं. आज काय आहे वस्तीकडून?" हिरव्या पेनाचं टोपण टक्क करून निघालं.

ताई उठली, फळ्यापाशी गेली आणि तिनं समन्वयक बाईचं मनगट धरलं. पेनासकट. सगळ्यांना वाटलं, ती स्वतः लिहिणार आहे. मग तिनं ते पिळलं. बाहेरच्या बाजूला, जिथं हाड बारीक असतं. समन्वयक बाईच्या घशातून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज आला, पेन पडलं, गुडघे वाकले, एक गुडघा फरशीला टेकला, आणि ताईला हाताखाली ते हाड कळत होतं, पक्ष्याच्या हाडासारखं, अजून थोडं, अजून थोडंच, आणि तिच्या हाताला ते करता येत होतं, कोणी शिकवलेलं नसताना. "सांगा आता," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "मी इथंच उभी आहे, तुमच्या मागे, तुमच्या खांद्यावर हात ठेवून. आणि हे डॉक्टर विचारतायत, कशानं लागलं? काय सांगाल? बोला की. कशावरून पडलात?" खुर्च्या सरकल्या. मोठे डॉक्टर "अहो, अहो" करत आले. समन्वयक बाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ताईकडे बघत होती, आणि त्या बघण्यात अशी काहीतरी जुनी ओळख होती, की ताईचा हात आपोआप सुटला. हातावर चार बोटं उमटली होती.

कोणीतरी पोलिसांचं नाव काढलं. समन्वयक बाईनं मान हलवली. ती खुर्चीत बसली, मनगट मांडीवर घेऊन, तान्हं मूल घ्यावं तसं. पेन उचललं नाही. म्हणाली, "पेनावरून पडले, म्हणाले असते. काहीतरी म्हणाले असते." मग, "कसं विचारायचं मग?"

 ताई जमिनीवरच बसली. "आम्ही सांगितलं ते त्या बाईला परत सांगू नका," ती म्हणाली. "ते तुमच्या पोटात राहू दे. आम्ही सांगतो ते तुम्ही शहाणं व्हावं म्हणून, तिला पकडावं म्हणून नाही. आणि एकीला विचारू नका. सगळ्यांना विचारा. बोट कापलेलीला विचारा, खोकल्यावालीला विचारा, म्हातारीला विचारा. म्हणजे कोणाला विचारलं हे कोणाला कळणार नाही."

"नवरा हलत नाही ना पण बाजूचा," तरुण सिस्टर दारातून म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "बाहेर थांबा म्हटलं की त्यांना लगेच कळतं."

"तुमच्याकडे अशी एकही खोली नाही, जिथं बाजूचा माणूस आपण होऊन बाहेर थांबतो?"

 मग मोठे डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "एक्स-रे. तिथं दुसऱ्याला आत घेतच नाहीत. किरणांना सगळे घाबरतात." तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांनी त्या बंद, थंड, जाड दाराच्या खोलीचा विचार केला. फळ्यावर त्या दिवशी काहीच लिहिलं गेलं नाही.

यानंतर काय घडलं ते ताईला कधीच पूर्ण कळलं नाही, आणि ते तसंच असायला हवं होतं. तिला कळलं ते उलट बाजूनं, म्हणजे आपटलेल्या दाराकडून. दुपारची वेळ होती, खोलीत कॉलरवाली, बटणवाली आणि ती. दार भिंतीवर आदळलं. तो आत आला तेव्हा त्याच्या शर्टाला इस्त्री नव्हती. "कुठंय?" तो म्हणाला. सकाळी बायकोचा जबडा सुजला होता, त्यानं तिला दवाखान्यात नेलं होतं, फोटो काढायला आत नेली, दार लागलं. तो बाकावर बसला. बसला, बसला. मग आतून भलतीच कोणी म्हातारी बाहेर आली. त्या खोलीला दुसरं दार आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. हे सगळं त्यानं ओरडून सांगितलं, तक्रार करावी तसं, जणू त्याचीच कोणीतरी फसवणूक केली आहे आणि त्याला न्याय मिळायला हवा. बोलता बोलता त्यानं पहिली मशीन पाडली. मग दुसरी. मशीन पडताना जमीन दचकली. शर्टांचा ढीग त्यानं लाथेनं उडवला आणि तो पांढरा निळा सगळीकडे पसरला. "ते काय आत विचारतात ते मला माहिताय! मला सांगितलंय लोकांनी! हे सुरू कुठून झालं? ते जिन्याचं? तिनं येऊन सांगितलं ना तुम्हाला? तिचीच जीभ सैल आहे. तिनंच सांगितलं. खरं सांगा, तिनंच ना?" त्याच्या हातात इस्त्री आली होती. गरम होती, कॉलरवाली आत्ताच कॉलरी दाबत होती. वायर प्लगातून सुटून मागे लोळत होती. त्याला बायको आज ना उद्या सापडणार होती, निदान त्याला तशी खात्री होती, आणि सापडल्यावर तिच्या अंगावर किती उतरायचं ते आता या एका उत्तरावर ठरणार होतं. ताईला हे इतकं स्वच्छ दिसलं की भीती वाटायला जागाच उरली नाही.

"मी," ती म्हणाली. "मीच. ती काही बोलली नाही. तुमच्या गल्लीतून जाताना मी बघितलं, जिने नाहीत. माझ्याच डोक्यातून निघालं."

"बघा! बघा, कबूल करते!" कॉलरवाली कोपऱ्यातून किंचाळली. तिला ते खरंच वाटलं.

पहिला फटका खांद्याच्या आणि मानेच्या मधल्या हाडावर बसला. काहीतरी काटकीसारखं मोडलं आणि ताईला वाटलं, दुसरंच काही मोडलं, खुर्ची वगैरे. मग जळक्या कापडाचा वास आला, आणि कापडाखालच्या कातडीचा. ती खाली गेली. फरशीवर गाल टेकल्यावर समोर एक लहान पांढरा शर्ट होता, बाही पुढे केलेला. वरून त्याचा बूट आला, बरगडीत, परत बरगडीत. तो बोलत होता, मारताना बोलत होता, तिच्या वडिलांसारखा गप्प नव्हता, आणि तिच्या मनात आलं की बोलणारा परवडला, निदान कुठं संपणार ते कळतं. मग तो बोलायचा थांबला. लाकडी स्टूल त्याच्या गुडघ्याच्या मागे बसलं होतं. कॉलरवालीनं ते परत उचललं, परत हाणलं, आणि प्रत्येक फटक्याला ती ओरडत होती ती त्याला नाही, ताईला. "तुमच्यामुळं झालं! हे! सगळं! तुमच्यामुळं झालं!" आणि हाणत त्याला होती. बटणवालीनं मोठी कात्री दोन्ही हातांत धरली होती, टोक पुढे करून, आणि ती रडत रडत पुढे सरकत होती. तो लंगडत दाराकडे गेला. शेजारच्या गॅरेजमधली माणसं तोवर दारात जमली होती आणि त्यांनी त्याला धरून भिंतीशी दाबला. त्याचं नाक फुटलं. ते फुटताना ताईला फार बरं वाटलं. तिनं ते बरं वाटणं पूर्ण वाटू दिलं.

दवाखान्यात तिला चाकाच्या खुर्चीतून नेलं. सोबत कॉलरवाली, तिच्या पदराला कोणाचं तरी रक्त. एक्स-रेच्या दाराशी तिला थांबवलं. "तुम्ही बाहेर बसा आजी." दार लागलं. आत गार होतं, मशीनचा बारीक गुणगुणाट होता. फोटो काढणारी बाई मध्यम वयाची, चष्मा डोक्यावर, हात उबदार. तिनं ताईचा खांदा हळू काचेला लावला. ती ताईला ओळखत नव्हती. श्वास रोखा म्हणाली, पलीकडे गेली, परत आली. मग चादर नीट करता करता, जेवण झालं का विचारावं तशा सुरात तिनं विचारलं, "घरात कोणी मारतं का? इथं आपण दोघीच आहोत. आज सगळ्यांना विचारतेय."

ताईला हसू आलं आणि ते बरगड्यांनी जागीच अडवलं. "घरात नाही," ती म्हणाली. "घरात आई आहे फक्त." मग तिनं विचारलं, "सकाळी एक बाई आली होती इथं. जबडा. तिचं काय झालं?"

त्या बाईनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ताईकडे सरळ बघितलं. "कोणती बाई?" ती म्हणाली. "सकाळी तर एक म्हातारी आली होती. खोकल्याची." आणि तिनं पुढची प्लेट लावली.

ताईनं डोळे मिटले. बाहेर बाकावर कॉलरवाली कोणाला तरी मोठ्यांदा सांगत होती, की ह्या बाईनंच, ह्याच बाईनं, कोणाला न विचारता दवाखान्यात तोंड उघडलं. जाड दारातूनही ते ऐकू येत होतं. बोलू दे. जितक्या मोठ्यांदा बोलेल तितकं लांब जाईल, जितकं लांब जाईल तितकं खरं होईल.

पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी, बाकीच्या जेवायला बसल्या असताना, काजवाली ताईच्या टेबलापाशी आली होती. "तुम्ही उद्या दवाखान्यात जाणार ना," ती म्हणाली होती. "तिथं एवढं सांगा, आमच्या गल्लीत जिना नाही."